हिवाळी दौरा, मुसाफरी बंगला आणि देखभालीचा हिशेब

१/ कोकणच्या किनाऱ्याने प्रवास केला तर नारळी-पोफळीच्या वाड्यांबाहेर 'निवास व न्याहारी' ही पाटी हमखास दिसते. पर्यटन महामंडळाच्या योजनेने रूढ केलेले हे शब्द. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांस द्यायच्या, सकाळी चहा आणि गरम पोहे पुढे करायचे आणि पावसाळ्यात घराने जे सोसले ते हिवाळ्याच्या हंगामाआधी निस्तरायचे. आजचा धागा या पाटीच्या पूर्वजांविषयी आहे. मुक्कामाचे घर कोण सांभाळत होते, त्याचा खर्च कोण देत होते आणि आत कोण झोपू शकत होते, हे तीन प्रश्न मी सोबत घेऊन चालणार आहे. धागा लांब आहे. चहा घेऊन बसा.

२/ सुरुवात घराजवळून करते. मी भाईंदरची. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी घोडबंदरच्या किल्ल्यावर गेले की खाडीवर धुके असते आणि पलीकडचा वसईचा किनारा हळूहळू उमटत जातो. हा किल्ला पोर्तुगिजांचा. १७३७ साली साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्या हाती गेली. लष्करी इतिहास सर्वांना ठाऊक असतो. पण या वाटेने जाणारा साधा वाटसरू रात्री कुठे झोपत असे?

३/ १६७५ साली डॉ. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य साष्टीत हिंडला. घोडबंदरच्या धनाढ्य पोर्तुगीज जमीनदाराचा वाडा, किल्ला आणि चर्च पाहून तो थक्क झाला होता. त्या काळी युरोपीय प्रवाशाला पैसे देऊन उतरण्याजोगे घर या बेटावर शोधण्याची गरजच पडत नसे. जमीनदाराचा वाडा किंवा पाद्र्यांचा मठ त्याला ठेवून घेई. मुक्काम हा ओळखीचा आणि दर्जाचा मामला होता.

४/ आपल्याकडच्या वाटसरूची व्यवस्था निराळी होती. देवळाची ओवरी, पार, मठ आणि धर्मशाळा. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना बंडाच्या धामधुमीकडे लक्ष जाते खरे, पण पुन्हा वाचा आणि फक्त रात्रींची नोंद करा. धर्मशाळा, देवळे, ओळखीपाळखीची घरे. या सर्व ठिकाणी छप्पर फुकट मिळे, शिधा आपला आपण शिजवायचा आणि आपली जात आपल्याबरोबर चाले.

५/ आता मुसाफरी बंगला. 'डाक बंगला' या नावातच त्याचा उगम आहे. डाकेच्या रस्त्यावर, घोडी किंवा पालखीचे भोई बदलण्याच्या टप्प्यांच्या हिशेबाने कंपनी सरकारने बांधलेली ही घरे. उंच जोते, चहूबाजूंनी पडवी, मधे दोन-तीन खोल्या, प्रत्येक खोलीस जोडून न्हाणी. मागे स्वयंपाकघर, तबेला आणि नोकरांच्या खोपट्या. बैठा, रुंद, दमटपणाला तोंड देणारा आकार. ज्याला आपण आज 'सरकारी विश्रामगृह' म्हणतो त्याची ही आजी.

६/ या बंगल्यांना खरी जाग येई ती हिवाळ्यात. जिल्ह्याचा कलेक्टर, त्याचा असिस्टंट, मामलेदार, बांधकाम खात्याचे इंजिनिअर, शाळा तपासणारे डिप्युटी, सारेच पावसाळाभर मुख्य ठाण्यात अडकून पडलेले असत. दसरा उलटला, वाटा वाळल्या की 'हिवाळी दौरा' सुरू होई. बडे साहेब तंबूंचे दोन संच बाळगत. एका तंबूत साहेब जेवत असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी रवाना होई. लहान अधिकारी आणि खासगी प्रवासी मात्र बंगल्यावरच विसंबून असत.

७/ तेव्हा दसरा ते दिवाळी हा बंगल्याच्या देखभालीचा महिना. कोकणात चार महिने पाऊस कोसळल्यावर बंद घराचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. भिंतींवर हिरवे शेवाळ, कोनाड्यात बुरशी, फुगून बसलेली दारे, गंजलेल्या बिजागऱ्या, तुळईत वाळवी, आढ्याला वटवाघळे. भिंती खरवडून चुना द्यायचा. पाण्याने फुगलेली दारे उन्हात वाळली की रंधा मारून पुन्हा बसवायची. अंगणात गुडघाभर वाढलेले गवत कापायचे, जमीन चोपण्याने चोपून शेणाने सारवायची. कंदिलाच्या काचा राखेने घासायच्या.

८/ छपराचे काम मात्र वर्षाच्या दुसऱ्या टोकाला, वैशाखात. देशी नळीची कौले माकडांच्या उड्यांनी आणि वाऱ्याने सरकत. पावसाआधी ती उतरवून, फुटकी वेगळी काढून, पुन्हा रचावी लागत. यालाच कौले चाळणे म्हणतात. गवती छप्पर असेल तर दरसाल नवी शाकारणी. बासेल मिशनच्या कारखान्याने १८६५ पासून मंगळुरी कौले पाडायला सुरुवात केली आणि ती किनाऱ्याने वर पसरली तेव्हा हा दरसालचा खटाटोप बराच कमी झाला. एक साधे खाचेचे कौल किती माणसांचे किती दिवस वाचवते, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा.

९/ 'निवास' म्हणजे काय मिळे? नवारीचा पलंग, टेबल, दोन खुर्च्या, न्हाणीत पाण्याचे घंगाळ. अंथरूण-पांघरूण प्रवाशाने स्वतःचे आणायचे. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांत वळकटीचा उल्लेख पदोपदी येतो. दर ठरलेला असे. जागा अडली आणि नवा प्रवासी आला, तर आधीच्याने एक दिवस उलटल्यावर जागा सोडायची. टेबलावर एक वही असे. तीत नाव, आल्या-गेल्याची वेळ, दिलेले पैसे आणि तक्रार लिहायची. ही वही वरिष्ठांच्या डोळ्यांखालून जाई, त्यामुळे तिची दहशत खानसाम्याला साहेबापेक्षा अधिक असावी, असा माझा तर्क आहे.

१०/ आणि 'न्याहारी'? पहाटेचा चहा आणि सोबत काही किरकोळ खाणे म्हणजे 'छोटी हाजरी'. मोठे जेवण पुढे. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात डाक बंगल्यावरच्या कोंबडीला मिळालेले टोपणनाव नोंदले आहे: 'सडन डेथ', म्हणजे आकस्मिक मृत्यू. प्रवासी आवारात शिरला की कोंबडी धरायची आणि त्याची आंघोळ होऊन कपडे चढेपर्यंत ती टेबलावर आणायची. अँग्लो-इंडियन लेखकांना हा विनोद अतिशय प्रिय होता.

११/ मला तो विनोद वाचताना नेहमी दुसरी बाजू दिसते. पाहुणा येणार की नाही, किती येणार, कधी येणार, हे खानसाम्याला कळण्याचा मार्ग नाही. आठवडाभर कुणी फिरकत नाही आणि मग एका रात्री तिघे येतात. मांस साठवता येत नाही. जिवंत कोंबडी हीच त्याची कोठी. त्याच्या अडचणीतून निघालेली अत्यंत शहाणी व्यवस्था पाहुण्यांना हास्यास्पद वाटली, आणि कोशात पाहुण्यांचे मत शिल्लक राहिले.

१२/ किपलिंगची १८८८ च्या सुमाराची एक भुताची गोष्ट आहे, 'माय ओन ट्रू घोस्ट स्टोरी'. ती अशाच एका जुनाट डाक बंगल्यात घडते. रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज येतो आणि लेखकाची झोप उडते. शेवटी कळते की उंदीर आणि खिडकीची सैल खिटी यांनी मिळून तो खेळ मांडला होता. साहित्याचे अभ्यासक या कथेत वसाहतवादी भयगंड शोधतात, शोधोत. मला ती देखभालीची कथा वाटते. एक खिटी वेळेवर बसवली असती तर भूत जन्मालाच आले नसते.

१३/ आता हिशेबाकडे. अधिकाऱ्यांचे आणि प्रवाशांचे बंगले सरकारी खात्यांच्या खर्चाने चालत. धर्मशाळा, विहिरी आणि गाडीवाटा यांच्यासाठी मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने 'लोकल फंड' उभारला गेला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा कर. त्याचा मोठा हिस्सा रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांवर आणि उरलेला शाळांवर. पुढे तालुका व जिल्हा बोर्डे आली, पण पैशाचा उगम तोच. म्हणजे धर्मशाळेच्या भिंतीवरचा चुना गावातल्या प्रत्येक सारा भरणाऱ्याच्या खिशातून येत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

१४/ पैशाखेरीज दुसरा खर्च श्रमाचा, आणि तो कागदावर फारसा दिसत नाही. अधिकारी गावात आला की सामान वाहणे, वाट दाखवणे, जळण आणि गवत पुरवणे, निरोप पोहोचवणे ही कामे वतनदार महारांच्या गळ्यात पडत. मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. बंगल्याची न्हाणी आणि कमोड साफ करणारा भंगी हाही याच उतरंडीतला. दौऱ्याची सारी यंत्रणा त्यांच्या पाठीवर होती. या वतनी वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. गावकामगारांची कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

१५/ इकडे रेल्वेने मुक्कामांचा नकाशाच बदलला. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी आली. १८६४ मध्ये बीबीसीआय कंपनीची गाडी वसईची खाडी ओलांडून मुंबईत शिरली. भाईंदरचा पूल त्याच मार्गावरचा. जिथे होडीची भरती-ओहोटी पाहत रात्र काढावी लागे, तो प्रवास सकाळच्या सकाळी आटपू लागला. टप्प्याटप्प्यावरच्या घरांची गरज उरली नाही आणि शहरांत खानावळी, लॉजे, धर्मादाय सराया वाढल्या. जिथे पाहुणा येईनासा होतो तिथे देखभाल थांबते, आणि अशा एका पडेल घराचे सर्वात स्पष्ट वर्णन आपल्याला एका मराठी माणसाने लिहून ठेवले आहे.

१६/ साल १९१७. लंडनहून परतलेले आंबेडकर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जात विचारली जाणार, म्हणून ते एका पारशी सराईत गेले. व्यवस्थापकाने सांगितले की इथे फक्त पारशांना जागा मिळते. पण सराईत एकही पाहुणा नव्हता आणि त्यालाही चार पैसे हवे होते. तोड निघाली: नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. दर रोजचा दीड रुपया, जेवणासह.

१७/ 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ती जागा वर्णिली आहे. वरच्या मजल्यावर एक छोटी निजायची खोली, शेजारी नळ असलेली लहानशी न्हाणी. उरलेला भाग एक भलेमोठे दालन, त्यात फळ्या, बाके आणि मोडक्या खुर्च्यांची अडगळ. सकाळी व्यवस्थापक चहा आणून देई, साडेनऊला न्याहारी, रात्री साडेआठला जेवण. विजेचा दिवा नाही, तेलाचेही दिवे नाहीत. व्यवस्थापकाने दिलेल्या छोट्या कंदिलाचा उजेड काही इंचांपलीकडे पोचत नसे. अंधारात वटवाघळे घिरट्या घालत. निवास, न्याहारी, आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला एकमेव पाहुणा, जो पुस्तकात डोके घालून स्वतःला विसरू पाहत होता.

१८/ अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. खरे नाव कळले होते. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, दोघांनीही टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधला वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. ती गाडी याच बीबीसीआयच्या रुळांवरून, याच भाईंदरच्या खाडीवरून मुंबईकडे आली. लोकलने पूल ओलांडताना मला हे नेहमी आठवते असे म्हणणार नाही, पण हे वाचल्यानंतर काही दिवस आठवत राहिले.

१९/ बडोद्याची सराई खासगी होती, एका समाजाच्या पैशाने चालणारी. तिथे कायद्याचा हात पोचत नव्हता. मग जी घरे सर्वांच्या पैशाने उभी आहेत त्यांचे काय? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापलेल्या संस्थांच्या ताब्यातल्या सर्व पाणवठ्यांवर, विहिरींवर आणि धर्मशाळांत अस्पृश्य मानलेल्यांना मुभा असावी. तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांतही.

२०/ 'राखलेल्या' या शब्दावर थांबा. आपण हा ठराव पाण्याच्या हक्काचा म्हणून वाचतो, ते योग्यच. पण त्यातला युक्तिवाद देखभालीचा आहे. देवाचा, दात्याच्या पुण्याईचा, गावच्या रूढीचा प्रश्न बाजूला ठेवून बोले एवढेच विचारतात की ही भिंत कोणाच्या पैशाने उभी राहिली आहे. रुपयामागे एक आणा देणारा माणूस धर्मशाळेच्या पायरीवर का झोपेल? चुन्या-कौलांच्या रटाळ खर्चातून असा धारदार हक्क निघू शकतो, हे मला स्वतःला फार उशिरा उमगले. एमएच्या पहिल्या वर्षी लोकल फंडाचे आकडे मी कंटाळून उलटत असे.

२१/ ठराव कागदावर राहिला, म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव आणला: जी बोर्डे आणि नगरपालिका अंमल करणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवा. दरम्यान महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, पण तळ्याकडे जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि परिषदेस आलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. पुढचा हल्ला, देवळात शिरण्याची उठलेली अफवा, मंडपात मोडलेली पंगत, हे तुम्ही वाचले असेल.

२२/ कमी लोकांच्या लक्षात राहते ते हे की त्या दिवशी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी उतरले होते महाडच्या सरकारी डाक बंगल्यात. दंगलीची खबर घेऊन अधिकारी तिथेच आले. मार खाल्लेले, संतापलेले अनुयायी आदेशाची वाट पाहत तिथेच जमले आणि उलट हात उचलू नका असे त्यांना तिथेच सांगितले गेले. गावात त्यांच्यासाठी दुसरे कोणते दार उघडले असते? काही जखमींना मुसलमान घरांनी आसरा दिला. साहेबांच्या हिवाळी दौऱ्यासाठी बांधलेली पडवी त्या दुपारी निराळ्याच कामी आली.

२३/ डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले. २४ तारखेला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंत पायी. या वेळी मंडपासाठी जागा कुणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. व्यापाऱ्यांनी असहकार पुकारल्याने शिधा आधीच जमवून ठेवावा लागला. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. कोकणातल्या ऐन हिवाळ्यात हजारोंच्या निवासाची आणि जेवणाची सोय उभी करणे हे किती मोठे काम होते, याकडे इतिहासलेखनाने अजून पुरेसे पाहिलेले नाही. सर्व नजरा त्या अग्नीवर खिळतात. चुलीदेखील पेटल्या होत्या.

२४/ शेवटी एक लहानशी गोष्ट. गेल्या जानेवारीत अभ्याससहलीला आम्ही कोकणातल्या एका जुन्या विश्रामगृहात उतरलो होतो. पहाटे उठले तर रखवालदार मामा पडवीतली पाने गोळा करून शेकोटी करत होते. तीस वर्षे तिथे आहेत. कोणत्या खोलीचे छप्पर कुठे गळते, कोणते दार कोणत्या महिन्यात अडते, सर्व तोंडपाठ. पाहुण्यांच्या नोंदवह्या कुठे असतात, असे मी अधाशीपणे विचारले. ते म्हणाले, "जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या ताई. होत्या तेवढ्या चुलीत गेल्या." मग त्यांनी चहा दिला, गूळ घातलेला.

२५/ तुमच्या गावात जुनी धर्मशाळा किंवा मुसाफरी बंगला असेल तर एक काम करा. दरवाज्यावरची शिळा पाहा. दात्याचे नाव आहे, की लोकल फंड, तालुका बोर्ड असे काही कोरले आहे? छायाचित्र काढा आणि खाली टाका. शक्य तर तिथल्या जुन्या रखवालदारांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी बोला आणि त्यांच्या संमतीनेच लिहा. पुढचा धागा भाईंदरच्या मिठागरांवर: पाऊस सरल्यावर आगराचे बांध कसे दुरुस्त होतात आणि ते कोण करते.